हर्णै ते गुहागर, माणसं चार

...नाही नाही, मला सांगा, साडेतीन तास कशाला? नकाशात समोर दिसतंय ना पलीकडचं गाव! खाडीच्या अल्याड उभं राहून जोरात हाक मारली तर पल्याडचा माणूस ओ देईल, आणि ही मोबाईलमधली बाई मला सांगते, आधी दापोलीला जा, मग खेडला जा, मग चिपळूणला जा, आणि मग गुहागरला जा! अगं बाई, मध्ये पाणी आहे हे मलाही दिसतंय, पण पाण्यावर बोट चालते हे तुला कुणी सांगितलं नाही का?... आता तुम्ही म्हणाल, झुंबरभाऊ, तुम्ही राहता नाशिकरोडला, तुमच्या कॉलनीतून समुद्र काय, साधी नदी दिसत नाही, तर कोकणातल्या हर्णैहून कोकणातल्याच गुहागरला माणसं कशी जातात याच्याशी तुमचं काय देणंघेणं? काही नाही! अजिबात नाही! पण पोरानं विचारलं ना. आणि पोरानं विचारलं म्हटल्यावर आपलं काय, आपण माहिती काढून ठेवायची!

तुम्हाला सांगतो, आमचा संघर्ष पुण्यात असतो. कंपनीत आहे, चांगलं आहे, तक्रार नाही. दर रविवारी फोन करतो. त्याचा फोन म्हणजे तीन प्रश्न. "जयभीम बाबा, जेवलात का? गोळी घेतली का? ठेवू का?" यातला तिसरा प्रश्न नसतोच खरं म्हणजे, मी "हो" म्हणायच्या आत ठेवलेला असतो. सुलाबाई, माझी बायको, होती तोवर ती फोन घ्यायची आणि अर्धा तास सोडायची नाही, सुनेनं कुठली भाजी केली इथपासून नातवाचा, बंटीचा कितवा दात पडला इथपर्यंत. तिला जाऊन तीन वर्षं झाली. आता मी एकटा, आणि मला मेलं फोनवर बोलताच येत नाही. मी म्हणतो, "बाकी?" तो म्हणतो, "बाकी काही नाही." संपलं!

आणि अशात त्या रविवारी चौथा प्रश्न आला! "बाबा, आम्ही शनिवार-रविवार जोडून कोकणात जायचं म्हणतोय. हर्णै बघून गुहागरला. तर हर्णैवरून गुहागरला जायला काय काय आहे, जरा बघून ठेवाल का?" मी उभा राहिलो हो! फोनवर! उजवा हात आपोआप पाठीमागं गेला, साहेबासमोर जायचा तसा. म्हटलं, "कधीपर्यंत हवंय?" "गुरुवारपर्यंत मिळालं तर बरं." म्हटलं, "बुधवारी मिळेल."

का? तर चौतीस वर्षं मी एकलहऱ्याच्या वीज केंद्रात स्टोअरला काढली. आणि स्टोअरचे दोन नियम असतात, लिहून घ्या. पहिला नियम, तीन कोटेशनं आल्याशिवाय साधा झाडूसुद्धा घ्यायचा नाही. तिन्ही शेजारी शेजारी मांडायची, तुलनेचा तक्ता करायचा, खाली सही करायची. आणि दुसरा नियम, मागणाऱ्याला "कशाला हवंय" हे विचारायचं नाही! बॉयलरवाला आला, बारा इंची बोल्ट मागितला, द्यायचा. कशाला विचारलंत तर म्हणणार, "तुमच्या डोक्यात घालायला!" त्यामुळं मी संघर्षला विचारलंच नाही की कोण कोण जाणार, गाडीत जागा किती. विचारायचं काय त्यात? संघर्ष, सूनबाई संजना, बंटी आणि मी. माणसं चार. "आम्ही जायचं म्हणतोय" म्हणाला ना तो? मग आम्ही म्हणजे आम्हीच की!

तर पहिलं कोटेशन, एस्टी. चौकशीला फोन केला, बाई बिचारी इतकी गोड बोलली. म्हणाली, "काका, हर्णैहून दापोली, दापोलीहून खेड, खेडहून चिपळूण, चिपळूणहून गुहागर." म्हटलं, "ताई, हा प्रवास आहे का बदली?" ती हसली. मग म्हणाली, "माणसं किती?" म्हटलं, "चार." असं म्हणताना, काय सांगू तुम्हाला, तोंडाला चव आली. तीन वर्षांत मी दुकानात, हॉटेलात, दवाखान्यात, सगळीकडं "एक" म्हणत आलो. एक चहा, एक पावती, एक पाव किलो... चार!

दुसरं कोटेशन, रेल्वे. आता हर्णैला रेल्वे नाही, गुहागरला रेल्वे नाही, पण मधल्या मध्ये खेड ते चिपळूण आहे! तक्ता भरायला तीन नावं नकोत का? आमच्या कॉलनीत रेल्वेतून रिटायर झालेले आहेत एक, त्यांना गाठलं. ते म्हणाले, "झुंबर, खेडला बसशील आणि बूड टेकतंय तोवर चिपळूण येईल. आणि स्टेशनपासून स्टँडवर जायला परत रिक्षा." म्हटलं, "असू द्या, नोंद घेतली." शेरा लिहिला, 'शक्य आहे, पण शहाण्या माणसानं करू नये.'

आणि तिसरं कोटेशन, फेरीबोट! हर्णैहून दापोली, दापोलीहून दाभोळ, दाभोळच्या धक्क्यावर गाडी माणसांसकट बोटीत चढवायची, पाव तासाच्या आत पलीकडं धोपावेला उतरायचं, की गुहागर आलंच! पण बोटवाल्याचा नंबर? नंबर कुठं मिळेना. शेवटी इंटरनेटवर एका बाईचा फोटो सापडला, धक्क्यावर उभी राहून काढलेला, आणि तिच्या मागं पाटी, पाटीवर मोबाईल नंबर! नऊ आकडे स्पष्ट. दहावा तिच्या अंबाड्यामागं. आता काय करणार? शून्यापासून सुरू केलं! शून्याला कुणी उचलला नाही. एकला कुणीतरी शिव्या दिल्या. तीनला घोटीची भातगिरणी लागली, बघा, कोकणची बोट शोधायला निघालो आणि पोचलो इगतपुरी तालुक्यात! फोनवरची म्हातारी म्हणते, "बाबा, आमच्याकडं इंद्रायणी हाये, बोट नाय." मग बसलो की बोलत, भात कसा आलाय, सुना कशा आहेत, वीस मिनिटं! शेवटी तीच म्हणाली, "तुमची बोट चुकंल, ठेवा आता."

सातला लागला! मुजीबभाई, फेरीबोटीच्या तिकिटावर बसतात, वय माझ्याएवढंच. गाडी चढते का? चढते. भरती-ओहोटीला थांबते का? मळमळतं का? बसायला बाक आहे का, की गाडीतच बसून राहायचं? त्या चार दिवसांत मी त्यांना सहा फोन केले. सहाव्याला म्हणाले, "काका, बोट मी तुम्हाला विकतच देतो!" पण सांगितलं सगळं. "गाडी कुठली? माणसं किती?" म्हटलं, "पांढरी गाडी, मागच्या काचेवर निळ्या अक्षरात जयभीम. माणसं चार. बघा, मी पुढच्या सीटवर असेन, टोपी घालून."

टोपी घेतली मी. हसा! वेताची टोपी, बिटको चौकातून. कारण, तुम्हाला सांगतो, समुद्र मी पाहिलेला आहे, दर सहा डिसेंबरला पाहिलाय, दादरला, चैत्यभूमीला. पण तिथं रांगेत असतो आपण, तोंड पुढं, समुद्र बाजूला, आणि मागचा म्हणतो, "चला चला, पुढं सरका." सुलाबाई दर वर्षी म्हणायची, "एकदा नुसतं समुद्रालाच म्हणून येऊ, कुठलीही रांग न लावता." दर वर्षी मी म्हणायचो, "येऊ की." आणि नाही गेलो. हे मला फार लागतं. बाकी काही नाही, हे लागतं.

तर बुधवारी तक्ता तयार! पट्टीनं रेघा मारून. वेळ, गाड्या किती बदलायच्या, धक्के किती बसतात, मुलाला लघवीला थांबता येतं का, सगळे रकाने. शिफारस, फेरीबोट. खाली सही, झुंबर, सेवानिवृत्त. फोटो काढला, पाठवला. उत्तर काय आलं? अंगठा! पिवळा अंगठा! एवढ्या कामाला अंगठा? आमच्या स्टोअरला ज्याला सही येत नव्हती तो अंगठा करायचा! पण म्हटलं, जाऊ दे, मंजूर तर झालं. आपलं काय, आपण माहिती काढून ठेवायची!

गुरुवारी बॅग भरली. शेजारच्या सरुबाईंकडं कुंडीला पाणी घालायला चावी दिली. त्या म्हणाल्या, "कवा येणार, भाऊ?" म्हटलं, "आता सोमवारी, पोरं सोडतील तेव्हा." शुक्रवारी सकाळी नाशिकरोडच्या स्टँडवर, टोपी डोक्यावर, पुण्याची गाडी लागलेली, कंडक्टर ओरडतोय, पुणे पुणे पुणे! म्हटलं, पोराला कळवावं, स्वारगेटला न्यायला येऊ नको, शिवाजीनगरला ये. फोन लावला. मी तोंड उघडायच्या आत तोच, "बाबा! जयभीम! आम्ही एक दिवस आधीच निघालो, संजनाला सुट्टी मिळाली. हर्णैला पोचलो पण काल! तुमचा तक्ता एक नंबर, बाबा! संजना म्हणते, असा तक्ता तर एजंटपण देत नाही. उद्या सकाळी फेरीबोट!"

...मागं कंडक्टर, पुणे पुणे पुणे.

"बाबा, कसला आवाज येतोय? कुठं आहात?"

मी म्हटलं, "भाजी घ्यायला आलोय."

"बरं. गोळी घेतली ना? ठेवू?"

आता त्याची चूक आहे का? मला सांगा! नाही ना! त्यानं मला माहिती काढायला सांगितली, ये म्हणून सांगितलं नव्हतं. चूक माझ्या दुसऱ्या नियमाची. पण घरी कसं जाणार? सरुबाई दारातच बसलेल्या असतात! मग बसलो बाकावर, बॅग पायाशी. एक आजी आल्या, "बाबा, सिन्नरची गाडी?" सांगितलं. दुसरा आला, "काका, शिर्डी?" सांगितलं. टोपीमुळं काय वाटलं लोकांना कुणास ठाऊक, दुपारपर्यंत माझ्यापुढं पाच-सहा माणसं उभी! खिडकीतला खरा चौकशीवाला बाहेर येऊन बघून गेला! आपलं काय, आपण माहिती काढून ठेवायची, ज्याला लागेल त्याला द्यायची... तीन वाजता घरी आलो. सरुबाई म्हणाल्या, "आलात बी?" म्हटलं, "पुढं ढकललं." त्यांनी चावी दिली. संध्याकाळी न विचारता वाटीभर कालवण आणून ठेवलं. विचारलं असतं तर बरं झालं असतं. मी खोटं तरी बोललो असतो.

शनिवारी साडेदहाला फोन. मुजीबभाई! सात फोनांत पहिल्यांदा त्यांनी केलेला. "नाशिकचे काका ना? तुमची पांढरी गाडी आली, जयभीमवाली. बोटीत चढवली व्यवस्थित, पोरगं खूश आहे, कठड्याला धरून उभं आहे. पण काका, माणसं तीनच आहेत. पुढच्या सीटवर पिशव्या आहेत. तुम्ही कुठं राहिलात?"

ऐकताय ना तुम्ही? ज्या माणसानं माझं तोंड पाहिलेलं नाही, ज्याचा नंबर मी एका बाईच्या अंबाड्यामागून काढला, त्यानं मोजली माणसं! साऱ्या महाराष्ट्रात त्या एका माणसाला कळलं की मी आलो नाही! मी म्हटलं, "मुजीबभाई, जरा काम निघालं." ते म्हणाले, "या मग निवांत. बोट काय, रोज आहे." आणि फोन ठेवून मी रडलो. लपवत नाही. चांगला रडलो, मग चहा केला, एक कप.

बरं, संपलं म्हणता? नाही! परवाच्या रविवारी संघर्षचा फोन. जेवलात का झालं, गोळी झाली, आणि परत चौथा प्रश्न! "बाबा, दिवाळीनंतर मालवण करायचं म्हणतोय. मालवणहून वेंगुर्ल्याला जायला काय काय आहे, बघून ठेवाल?" जिभेवर आलंच होतं, कधीपर्यंत हवंय. पण गिळलं. चौतीस वर्षांत जे कुणा बॉयलरवाल्याला विचारलं नाही ते पोराला विचारलं. म्हटलं, "माणसं किती?"

   मागं संजना काहीतरी बोलली, ते ऐकू आलं नाही. मग तो म्हणाला, "बाबा... अजून ठरलं नाही."

ठरलं नाही म्हणाला! तीन नाही म्हणाला, लक्षात घ्या! आमच्या स्टोअरच्या भाषेत याला पेंडिंग म्हणतात. आणि पेंडिंग म्हणजे नामंजूर नव्हे! आमच्याकडं एका साहेबानं टेबलावरचा पंखा मागवला होता, उकडतं म्हणून. अकरा वर्षं पेंडिंग होती ती मागणी, अकरा! सगळे हसायचे. पण बाराव्या वर्षी आला की नाही पंखा? आला! अगदी नवा कोरा, खोक्यात!... साहेब तेवढा रिटायर झाला होता.