एक पान रंगीत

ब्राह्मणपाऱ्यातल्या झेरॉक्सच्या दुकानात माझ्या पुढे मायलेकी उभ्या होत्या. वडील गेल्यावर त्यांच्या जागी मुलीला नोकरी मिळायची होती. दुकानदार तिचे कागद ईमेल करत होता.

“काकू, फाइल लय जड झाली. मेलमधून जाऊनच नाही राहिली.”

“काहून? कागद तर थोडेसेच आहेत.”

“रंगीत स्कॅन करा लागलं न. तुमी पानापानाले हळद-कुंकू लावून आणलं.”

“शुभ कामाचे कागद आहेत, भाऊ.”

“मम्मी, मैंने मना किया था.”

“ब्लॅक अँड व्हाइट करून देतो, काकू. हलकी होऊन जाईन.”

“मग कुंकू काळं दिसन का?”

“हव.”

दुकानदार पानं चाळू लागला.

“या एका पानाले लावाचं राहून गेलं वाटते.”

“राहून नाही गेलं. तो यांच्या मृत्यूचा दाखला आहे.”

दुकानदारानं ते पान अलगद उलटं ठेवलं.

“कर भाऊ, सगळंच काळं कर. पोट्टीचा अर्ज गेला पाहिजे.”

“भैया, एक पन्ना रंगीन रखेंगे तो मेल चला जाएगा?”

“एक चालते.”

“तो मेरी अर्ज़ी वाला पन्ना रंगीन रहने दो.”