साती आसरांचे सात मासे

माझं माहेर गोदेच्या काठचं, आम्ही भोई, बापजाद्यांपासून मासे धरायचा धंदा, आन् काय सांगू ताई तुम्हाला, चालायला लागायच्या आधी मी मासे हाताळायला लागले. बाप माझे डोळे फडक्यानं बांधायचा, हातात मासा द्यायचा आन् म्हणायचा, वळख. मरळ आसली की लांबडं आंग आन् सापावानी डोकं, वांब तर हातातून सुटायचीच, शिंगाड्याचा काटा टोचायच्या आत धरावा लागायचा. चार भावंडांत मी एकटी कधी चुकले नाय. तेच डोक्यात बसलं, की ह्या सगुणाला मासा फसवू शकत नाय. गर्व व्हता, दुसरं काय.

लगीन होऊन हितं आले, सिन्नरच्या अंगाला. हितं नदी नाय, बंधारा हाय. पहिल्या दिशी मी नाक मुरडलं, म्हटलं हे कसलं डबकं. मंग हळूहळू कळलं. कडेला लव्हाळं हाय ना, त्याच्या मुळांत झिंगे न् बोटाएवढ्या मुऱ्या, झिंगे-मुऱ्यांवर मरळ जगायची, मरळीच्या पिल्लांवर पाणकावळा न् खंड्या, आन् समद्यांच्या वर आम्ही भोयांची पाच घरं. मालक टायरच्या फुगवलेल्या ट्यूबवर बसून जाळी टाकायचे, मी टोपली घेऊन नाशिक रोडला बसायची. शेजारी एक बाई समुद्राचा मासा विकायची, पापलेट, बोंबील, सुरमई, गिऱ्हाईक आधी तिच्याकडं वळायचं. मी वरडायची, आवो खाऱ्या पाण्याचा मासा बर्फात निजून आलाय, माझा बघा टोपलीत उड्या मारतोय. ती बी हसायची. चांगली व्हती बिचारी, दुपारची भाकरी आम्ही एकातच खायचो.

तर मी कुठं व्हते? हां. एक दिस मालकांना लव्हाळ्यात सापानं डसलं. पाय मांडीपर्यंत सुजला, डोळे मिटायला लागले, दवाखान्यात नेलं तर डॉक्टर म्हणाले, दोन दिस काय सांगता येत नाय. मी बाहेर पायरीवर बसले आन् पदर पसरला. आमच्या पाण्याला साती आसरा हायेत, सात बहिणी, बंधाऱ्याच्या कडेला त्यांचे शेंदूर लावलेले सात धोंडे. म्हटलं, बायांनो, माझं कुंकू ठेवा, तुमच्या पाण्यात सात जित्ते मासे सोडीन, एकेकीला एक. तिसऱ्या दिशी मालकांनी डोळे उघडले आन् चहा मागितला.

आता नवस फेडायचा. पण आमच्या माहेरची रीत आशी, की नवसाचा मासा त्याच पाण्यातला चालत नाय. बाप म्हणायचा, त्यांच्याच घरातलं उचलून त्यांनाच दिलं तर ते देणं कसलं? म्हणून मी शहरातल्या बाजारात गेले. एकाकडं टबात जित्ते मासे व्हते, काळे, मिशांवाले. म्हटलं, मांगूर का? म्हणाला, मांगूरच, मावशी, देशी. म्या हातात धरला. डोकं जरा रुंद वाटलं, खरं सांगते, तव्हाच वाटलं. पण मनाला म्हटलं, खाऊन माजलाय. माझा हात कधी चुकलाय का? सात घेतले, कळशीत घालून आणले, हळदकुंकू वाहिलं न् सोडले. सातही सुळकन गेले. मी हात जोडले. नवस फिटला म्हणून त्या दिशी पोटभर जेवले.

दोन सालात पाणी बदललं. आधी झिंगे गेले, मंग मुऱ्या. जाळीत मरळीचं पिल्लू दिसंना. पाणकावळे येऊन बसायचे, एक दोन बुड्या मारायचे न् उडून जायचे, मंग यायचेच बंद झाले. डास आसे वाढले की दारात बसवंना. मालक म्हणायचे, द्राक्षबागांची औषधं उतरली आसतील पाण्यात. जाऊ म्हणायची, कुणाची तरी नजर लागली. माझी जाऊ हिरा, तिची जीभ म्हंजे विळा. एक दिस तिच्या जाळीत हातभर लांब काळं धूड आलं, मिशांचं. तिनं विळीवर चिरलं तर पोटातून मरळीची पिल्लं निघाली, मूठभर, आन् पाणकोंबडीचं एक पिल्लू, पिसांसकट. म्हणाली, हे कुठलं भूत गं सगुणा, तू तर मासा वळखतीस. ताई, म्या तेच रुंद डोकं बघितलं. बाहेरदेशीचा मांगूर तो, त्याच्यावर बंदी हाय म्हणे, दिसंल ते खातो. मी म्हटलं, काय माहीत बाई.

खोटं बोलले. वर्षभर खोटंच जगले. मालक रिकामी जाळी घेऊन यायचे आन् मलाच धीर द्यायचे. पाच घरांच्या तोंडचा घास म्या माझ्या हातानं काढला व्हता, आन् लोक माझ्या नवऱ्याला मरणाच्या दारातून आला म्हणून मान देत व्हते. आसरांच्या धोंड्यांकडं तर मला बघवत नव्हतं.

मंग एक उन्हाळा आसा आला की बंधारा आटला, मधी फक्त चिखल न् ढोपरभर पाणी. त्या चिखलात ती काळी धुडं वळवळत व्हती. पाची घरं काठावर जमली, आन् माझ्या तोंडून निघालंच. म्हटलं, ही म्या सोडली. नवसाची. मालक येवढंच म्हणाले, माझ्या जिवापायी केलंस, आधी सांगितलं आसतंस तर दोघं मिळून काढली आसती. हिरानं मात्र माझ्या सात पिढ्या उद्धारल्या. सटवे, वर्षभर मी हे भूत सोडणाऱ्याला शिव्या देतीये आन् तू शेजारी बसून मान डोलावतीस? बोलता बोलता तिनं काष्टा घातला आन् समद्यांच्या आधी तीच चिखलात उतरली.

नऊ दिस आम्ही तो चिखल उपसला. फावडं लावलं तर आपली मरळ तुटंल, म्हणून हातांनीच. मरळ बी चिखलात तग धरून बसती ना. आता डोळे बांधलेले नव्हते, पण चिखलात काय दिसतंय? हाताला लागंल तेच खरं. मी चाचपायची न् सांगायची, ही मरळ, ठेवा, हा मांगूर, काढा. एकेक मासा दोनदा चाचपायची. आन् मी सांगितलं तरी हिरा माझ्या हातातला मासा घेऊन मिशा बघायचीच. बघू दे म्हटलं, तिचा हक्क हाय. मरळी मोजून चौदा मिळाल्या, शिंगाडे थोडे. एका बागाईतदाराच्या विहिरीत नेऊन ठेवले. ज्याच्या औषधांना आम्ही दोष दिला तोच म्हणाला, ठेवा की, विहीर काय वाहून जाती का.

पावसाचं पाणी आलं, चौदाही मरळी न् शिंगाडे परत सोडले. पण जीव थाऱ्यावर नव्हता. एक जरी मांगूर बिळात राह्यला आसंल तर? पहिलं साल काहीच दिसलं नाय. मी गिऱ्हाईकाला मासा देतानाबी बंधाऱ्याचाच विचार करायची.

आन् यंदा, मागच्याच महिन्यात, सकाळची मी धुणं घेऊन गेले. लव्हाळ्याच्या कडेला पाणी हललं. बघते तर लाल पिल्लांचा झुबका, मरळीची पिल्लं, शेकड्यांनी, एकदम वर यायची, एकदम खाली जायची. आन् त्यांच्या खाली नर-मादी, दोघंही, राखण करत. मी तिथंच मटकन बसले न् मोठ्यानं रडले. मालक पळत आले, त्यांना वाटलं मलाबी साप डसला. मी नुसतं बोट दाखवलं. पिल्लं राखणारी मरळ जागची हलत नाय, धरायला लय सोपी, पण त्यांनी खांद्यावरची जाळी गुंडाळली न् म्हणाले, चल घरी, त्यांना राहू दे. त्यानंतर चार ठिकाणी जाळी टाकून बघितली, मिशांचं भूत नाय. पाणकावळे बी दोन आलेत.

आता मला झोप लागती, ताई. भाकरी गोड लागती. एखादा राह्यला बी आसंल कुठं खोल, पाण्याच्या पोटातलं कोण सांगणार, पण राह्यला तर आता मी वरडून सांगीन, दडवणार नाय. परवा सुनेचं बाळंतपण जवळ आलं म्हणून माझे हात आपसूक जोडले गेले, तर हिरा मागून म्हणाली, सगुणे, काय बोलायचा तो नवस बोल, पण नारळाचा बोल. नारळाला पाण्यात पिल्लं व्हत नाय.