पुसलेला चेहरा

१९७८ साली डोळ्यांच्या दवाखान्यात नंबराची वाट बघणाऱ्या एका म्हाताऱ्या शिक्षिकाबाईंच्या कानावर शेजारी बसलेल्या चित्रकाराचं आणि त्याच्या बहिणीचं बोलणं पडलं.

“ताई, घरी गेल्यावर आईचं चित्र हातात दे. दिसेल तेवढं बघून घेतो.”

“ते मी काल पुसलं रे.”

“धूळ ना?”

“ओल्या फडक्यानं पुसलं. कॅनव्हासवरचं म्हणजे तैलरंगच, असं धरून चालले. बघते तर सगळी आई फडक्यात.”

“जलरंग होते, ताई.”

“कॅनव्हासवर कोण शहाणा जलरंग लावतो?”

“मी लावतो. कागद एकदा रंग प्यायला की सोडत नाही. कॅनव्हासवर पाणी फिरवलं की रंग परत उठतो, चुकलेलं सुधारता येतं. त्याचंच तर वेड लागलं मला.”

“मग वरून वॉर्निश का नाही मारलंस, मेल्या?”

“मारलं की चित्र संपलं. तिचे डोळे अजून जमले नव्हते.”

“पुन्हा काढ. मी रंग हातात देईन.”

“कुणाकडे बघून काढू? आई तर गेली, आणि मला आता तूसुद्धा नीट दिसत नाहीस.”

बाईंचं ऑपरेशन झालं, त्यांना लख्ख दिसू लागलं. चित्रकाराची नजर त्याच हिवाळ्यात गेली. बहिणीनं त्याला शेवटपर्यंत सांभाळलं, पण त्या घरात आईचा विषय पुन्हा कुणी काढला नाही.