आधी काकूंचा मोबाईल

पंचवटीहून नाशिकरोडला निघालेल्या बसमध्ये शैलजाताईंचे कान पुढच्या सीटवरच्या दोन अनोळखी पोरांच्या बोलण्याकडे लागले होते.

“चोरीचा पिक्चर डाऊनलोड करतोस. पोलीस आले तर?”

“शेजारच्या काकूंकडे जातील. वायफाय त्यांच्या नावावर आहे.”

“आणि त्यात व्हायरस असला तर?”

“म्हणून तर आधी त्यांच्याच मोबाईलवर उघडून बघतो. काही झालं नाही, की मग माझ्यात घेतो.”

“त्या देतात मोबाईल?”

“अपडेट करून देतो म्हटलं की लगेच देतात. वर चिवडा खायला घालतात.”

“आणि बिघडला तर?”

“म्हणायचं, काकू, तुमचंच कुठंतरी बोट लागलं असेल.”

शैलजाताईंच्या पर्समध्ये मोबाईल वाजला. त्यांच्या शेजारच्या तन्मयचा मेसेज होता.

“काकू, संध्याकाळी घरी आहात ना? मोबाईल अपडेट करून देतो.”