आई पहिल्या भागातच जाते

— नाही नाही, बस तू, तेजश्री ना नाव, बस. फोटो द्यायला कोण नाही म्हणतंय. मी फक्त एवढंच विचारतेय, की हार आत्ताच घालून बघायचाय, का मी खरोखरची जाईपर्यंत थांबणार आहात — नाही, पिशवीतून बाहेर आलाय म्हणून विचारलं. चंदनाचा दिसतोय. छान आहे गं. आमच्या सासूबाईंच्या फोटोला प्लास्टिकच्या मोगऱ्याचा आहे, दिवाळीला साबणाच्या पाण्यातून काढते. आणि मला थेट चंदनाचा. मालिकावाल्यांची ऐपतच वेगळी. पाणी घे, उन्हातून आलीस.

आता मला नीट कळलंय का बघ हं. माझा मुलगा ऋषी सुपरहिरोची मालिका लिहितोय, हे मला माहीत होतं — म्हणजे फोन केला की 'आई, नंतर करतो' येतं, त्यावरून ओळखलं. तर त्यातल्या हिरोची आई पहिल्या भागातच मरते. आणि तिचा फोटो म्हणून ऋषीला, अख्ख्या मुंबईत एवढ्या बायका असताना, माझाच हवाय. भिंतीवर, हार घालून. हिरो दर भागात त्याच्याकडे बघणार, डोळ्यांत पाणी आणणार आणि मग बाहेर जाऊन चार जणांना धुणार. आणि हे आईला सांगायला तो स्वतः येत नाही, तुला पाठवतो. अंधेरीहून नेरूळ त्याला लांब पडतं, तुला नाही पडत. काय म्हणालीस? मोबाईलमधला मोठा केला की फाटतो? हो, फाटणारच. आईचे फोटो कोण मोठे करून बघतंय.

आणि कारण काय सांगितलंस, परत म्हण — कॅरेक्टर डेव्हलपमेंट. बरोबर. म्हणजे आई जिवंत असेपर्यंत पोरगं डेव्हलप होत नाही. आमच्या सोसायटीसारखंच झालं हे, आधी राहतं घर पाडायचं, मग टॉवर. मग मी इतकी वर्षं काय करत होते गं? डबे भरत होते, अभ्यास घेत होते, ह्याला पोहायला घालत होते — सगळं वाया, मी वेळेवर मेले असते तर एव्हाना उडायला लागला असता. हसू नकोस, मी मनापासून बोलतेय.

शक्ती कुठून येते म्हणालीस त्याला? न्हावा शेवा बंदरात कंटेनर उघडतो आणि त्यातून निळा उजेड पडतो. वा. मी जासईच्या यार्डात नोकरी केली, कस्टम एजंटकडे, रिटायर होईपर्यंत कंटेनरचेच कागद केले. त्यातून भंगार निघतं, कधी कुजलेली सफरचंदं निघतात, एकदा पाल निघाली होती. उजेड कधी निघाला नाही. आणि निघाला असता तरी कस्टमच्या साहेबासमोर सील तोडावं लागतं, हा असा हाताने उघडतो म्हणजे आधी ह्याच्यावर केस होईल, मग जग वाचवायचं बघू. हे त्याला माहीत नाही? आई कुठे नोकरीला होती, हे तरी विचारायचं.

वडील? वडील काय आहेत मालिकेत — शास्त्रज्ञ, आणि गूढरीत्या बेपत्ता. हळू बोल, शास्त्रज्ञ आत झोपलेत. गीझर चालू ठेवून झोपलेत. बेपत्ता म्हणशील तर संध्याकाळी असतात, खाली, सोसायटीच्या ऑफिसात, पार्किंगवरून भांडायला. पण ते आवडेल हो सुभाषरावांना. त्यांना मारलं नाही ना, नुसतं हरवलं. बापाला परत यायची सोय ठेवलीय आणि मला हार.

तुला खरा ओरिजिन सांगू तुमच्या हिरोचा? झुरळाला घाबरायचा. झुरळ दिसलं की डायनिंग टेबलावर, आणि मी चप्पल घेऊन खाली. फॅन्सी ड्रेसला वर्गातली सगळी पोरं पाठीला टॉवेल बांधून सुपरहिरो झाली होती, आणि हा दुधी झाला होता. दुधीभोपळा. माझ्याकडे हिरवा कपडा होता, रात्रीतून दुसरं काय शिवणार? स्टेजवर जाऊन 'मी दुधी, मला खा' म्हणाला आणि दुसरा नंबर आणला. हे लिहा की पहिल्या भागात. नाही लिहिणार. दुध्याला कोण बघणार.

बरं, ते जाऊ दे. मी मरते कशी, ते तरी सांग. निदान चांगली मरते का — स्फोट? यार्डात? बरं. म्हणजे नोकरी ठेवलीय त्याने माझी. आणि हा कुठे असतो तेव्हा? शाळेत. शाळा सुटते, सगळ्यांच्या आया येऊन जातात, हा पायरीवर बसून राहतो, दप्तर मांडीवर — हं — आणि वॉचमन येऊन शेजारी बसतो, आणि —

थांब. वॉचमन काय करतो म्हणालीस?

टोपी घालतो. आपली टोपी काढून ह्याच्या डोक्यावर घालतो.

हे लिहिलंय त्याने? असंच? — नाही, काही नाही. तू चहा पी.

हौसेराव नाव होतं त्या वॉचमनचं. अगं, त्या दिवशी जासईला रस्त्यात ट्रेलर आडवा झाला होता, इकडची गाडी तिकडे जाईना. मोबाईल होते कुठे आमच्याकडे तेव्हा. शाळेचा फोन लावला बूथवरून, कोणी उचलला नाही. गव्हाण फाट्यापर्यंत चालत आले मी, चप्पल तुटली ती हातात घेऊन, पुढे एका ट्रकवाल्याला हात केला. मी पोचले तेव्हा अंधार पडला होता, आणि हा बसलेला, ती एवढी मोठी टोपी घालून, नाकापर्यंत आलेली. दुसरीत होता. रडला नाही. मी सगळ्यांना सांगितलं गं — बिल्डिंगमध्ये, माहेरी, ह्याच्या बाईंना — की माझा ऋषी एवढा धीराचा, एक अश्रू काढला नाही. अजून सांगते. परवा भिशीत सांगितलं.

घरी येताना एवढंच विचारलं होतं त्याने, की उद्यापण ऑफिसला जाणार? मी म्हटलं, जाणार. मला वाटलं, झालं, विसरला. मुलं विसरतात.

मग काय बसून हाच विचार करत होता तो? की आता ही येत नाही, ही गेली? त्या पायरीवर, एवढासा, एकटा — आणि मी येईपर्यंत मला मारून मोकळा झाला होता? आणि मी समोर उभी राहिल्यावरसुद्धा — नाही, तू नको काही बोलूस. तुला काय माहीत. तू जन्मली तरी होतीस का.

नाही, अल्बम राहू दे. ठेव तो खाली. फोटो मिळणार नाही. नाही म्हणजे नाही, तुझी नोकरी काही जात नाही त्याने, त्यालाच फोन कर, म्हणावं तुमची आई देत नाही. आणि हे सांग त्याला. माझ्याच शब्दांत सांग. की ती आली होती. उशिरा आली, चप्पल हातात घेऊन आली, पण आली, आणि हात धरून तुला घरी घेऊन गेली, आणि त्या दिवशी वरणभात केला होता, तूप घालून, तू दोनदा घेतलास. हे कुठे गेलं तुझ्या गोष्टीतून? मेलेली आई काय, कोणीही लिहील, एक हार आणला की झालं. उशिरा येणारी लिहून दाखव म्हणावं.

आणि इथे येऊन विचार म्हणावं. काय विचारायचंय ते मला विचार.

एवढंच. नको, फोन माझ्याकडे नको देऊस, मला नाही बोलायचं आत्ता. तो हार घे तुझा, इथे नको. दार नुसतं ओढून घे, लॅच आपोआप लागतं.