प्रवेशवहीतला निकाल

विद्यापीठाच्या नव्या अभिलेख विभागात रांगेत माझ्यापुढे एक म्हाताऱ्या बाई आणि त्यांची मुलगी उभ्या होत्या. पासपोर्टसाठी आईच्या जन्मतारखेचा पुरावा हवा होता.

“सापडली बरं का आजी, तुमची नोंद,” खिडकीतली कारकून म्हणाली.

“एवढ्या वर्षांनी?” मुलीने विचारलं.

“दोन वर्षांपूर्वी आला असतात तर नाहीच म्हणाले असते. सगळं तळघरात पोत्यांत कोंबलेलं होतं. एकेक कागद झटकून लावलाय आम्ही. ही तुमच्या वर्षाची प्रवेशवही. ही जन्मतारीख, हा पत्ता. आणि आजी, पदवी तुम्ही नेलीच नाहीत की.”

“कुठली पदवी? मी शेवटच्या वर्षाला नापास झाले, बाळ.”

“नाही आजी. इथे शेवटी निकालही लिहिलाय, पास आहात. दुसरा वर्ग.”

“नीट बघ. माझंच नाव आहे ना?”

“तुमचंच. वडिलांचं नाव, गाव, ही सही.”

“सही माझीच आहे.”

“आई, निकाल बघायला कोण गेलं होतं?”

“बाबा. आले, चपला काढल्या, म्हणाले, नापास झालीस, आता स्थळं बघायला घेतो.”

“आजोबांची बघण्यात चूक झाली असेल.”

“ते मास्तर होते गं. जन्मभर निकालच लावले त्यांनी.”

“आजी, बसता का जरा? पाणी देऊ?”

“नको. तुला आठवतं का गं, लहानपणी तू वही घेऊन यायचीस आणि मी तुला काकूकडे धाडायचे?”

“हो. तुला कामं असायची.”

“कामं कसली. मला वाटायचं, नापास बाईनं काय शिकवायचं.”