ओरडा म्हणे

...आणि वर मलाच विचारतात, ‘मॅडम, तुम्ही ओरडला का नाहीत?’ ओरडा म्हणे. अहो, तुम्हाला सांगते, मी कॉलेजच्या लायब्ररीत कामाला आहे, उभा जन्म लोकांना गप्प बसवण्यात गेला, कुणाची खुर्ची सरकली तरी माझं बोट ओठावर, घरी कुकरची शिट्टी झाली तरी तोंडातून ‘शू’ निघतं, नवरा म्हणतो, अगं, त्याला कान आहेत का... आणि मी ओरडायचं?

झालं असं की आमच्याकडे एक गृहस्थ येतात. निवृत्त प्राध्यापक. पांढरा शर्ट, चष्म्याला दोरी, पुस्तक कधी एक दिवस उशिरा नाही, आमचे ग्रंथपालसाहेब त्यांना उठून खुर्ची देतात. संध्याकाळी मागच्या रॅकमधले दिवे बंद करायला मी गेले की हे मागून हजर. ‘जरा ते वरचं पुस्तक...’ करत इतके जवळ येतात की मानेवर श्वास लागतो. आधी वाटलं, वय झालंय, कमी दिसत असेल. मग हात कमरेवर आला. कमी दिसणाऱ्याचा हात बरोबर तिथेच कसा पडतो हो? तेव्हापासून दिवे बंद करायची वेळ झाली की मी दहादा मागे वळून बघते. भीती वाटते, सरळ सांगते. या वयात भीती वाटते.

साहेबांना सांगितलं. ‘छे छे, ते? तुमचा काहीतरी गैरसमज होतोय. आणि तसं होतं तर ओरडला का नाहीत?’ ओरडा म्हणे.

मग कळलं, कॉलेजातच बायकांसाठी स्वसंरक्षणाचा वर्ग चालतो. म्हटलं, शिकून घेऊ. ऑफिसात गेले, कारकून मान वर न करता म्हणाला, ‘असेल, फलकावर बघा.’ फलकावर त्या वर्गाच्या उद्घाटनाचा फोटो, फीत कापायला उभे सगळे पुरुष. क्रीडाशिक्षकांना गाठलं. ‘मॅडम, तो मुलींसाठी आहे.’ म्हटलं, मग मी कोण? तर मला खालीवर बघून हसतो आणि म्हणतो, ‘तुम्हाला कोण काय करणार?’ आता काय सांगू त्याला? त्याचं उत्तर पांढरा शर्ट घालून आमच्याकडे पेपर वाचत बसलं होतं.

शेवटी उपप्राचार्यबाईंकडे गेले. त्यांनी दार लोटून घेतलं. ‘वर्ग आहे हो, पण नाव बदललंय. स्वसंरक्षण लिहिलं की पालक विचारतात, कुणापासून? म्हणून आम्ही व्यक्तिमत्त्व विकास लिहितो.’ आणि भरतो कुठे? ‘तुमच्या लायब्ररीच्या डोक्यावरच की.’ घ्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा. वर धाडधाड चालते म्हणून ज्याच्या नावाने मी झाडूच्या दांड्याने छत ठोकत होते, तोच हा वर्ग.

शिकवणारी पोरगी माझ्या लेकीच्या वयाची. मला वाटलं, लाथ शिकवेल, गेला बाजार बोटं पिरगळायला तरी शिकवेल. तर म्हणते, ‘मावशी, पहिलं शस्त्र आवाज. पोटातून ओरडा. म्हणा, मागे हो!’ पोरींनी असा आवाज काढला की खिडक्या थरथरल्या. माझी पाळी आली, तोंड उघडलं, आणि बाहेर काय पडलं? ‘जरा मागे होता का, प्लीज...’ सगळ्या हसल्या. मीही हसले, आणि मग जिन्यात बसून रडले.

पण हट्टाला पेटले. न्हाणीघरात नळ सोडून ओरडले, उशीत तोंड खुपसून ओरडले, नवऱ्यावर ओरडून पाहिलं, त्याला काही फरक कळला नाही. आणि परवा आला तो क्षण. परीक्षेचे दिवस, रीडिंग रूम गच्च भरलेली, मी मागच्या रॅकपाशी, आणि मानेवर तोच श्वास, कमरेवर तोच हात. मी वळले आणि ओरडले, ‘मागे हो!’ अहो, काय आवाज आला, माझा मलाच पटेना. गृहस्थ रॅकवर आपटले, दोन जाडजूड पुस्तकं खाली आली. क्षणभर इतकं बरं वाटलं म्हणून सांगू...

आणि मग रीडिंग रूममधली सगळी डोकी वर झाली. आणि सगळ्यांनी मिळून मला काय केलं? शूऽऽऽ. प्रत्येकाचं बोट ओठावर. मीच शिकवलंय ना त्यांना, पोरं गुणाची. त्या गृहस्थांनी सावकाश चष्मा नीट केला, हसले, आणि त्यांनीही ओठावर बोट ठेवलं. आणि मी काय म्हणाले माहीत आहे? सॉरी.

काल साहेबांनी बोलावलं. ‘मुलांची तक्रार आहे. वर तो वर्ग बोंबलतो, आता खाली तुम्हीपण? वर जाऊन सांगा, वर्ग बंद करा म्हणावं.’ म्हटलं, साहेब, मी सांगू? ‘मग कोण? गप्प करण्याचं काम तुमचंच ना?’

गेले. नोकरी आहे, न जाऊन सांगते कुणाला? दार उघडलं तर पोरी ओरडत होत्या, पोटातून. शिकवणारी मला बघून खूश. ‘या मावशी, आज पहिली पाळी तुमची. ओरडा.’

ओरडा म्हणे. माझं बोट केव्हाच ओठावर गेलं होतं.